हाफ डोम, स्नेक डाइकच्या वाटेने: परवाना, पायवाट आणि दोर

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत हाफ डोमवर जायच्या दोन वाटा आम्ही एकाच दिवशी वापरल्या. चौघांपैकी दोघे नैऋत्य बाजूच्या कातळावरून, स्नेक डाइक या मार्गाने दोर लावून चढले. उरलेले दोघे नेहमीच्या पायवाटेने आणि शेवटी कातळावर बसवलेल्या पोलादी केबल धरून वर गेले. दिवस होता शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४, पण कामाला सुरुवात मार्चमध्येच झाली होती. बे एरियातल्या आणि पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहक मित्रांना यातला दोराचा भाग समजावून सांगावा लागत नाही. अडते ते आधीच्या पायऱ्यांवर: परवाना कोणाला लागतो, तंबू कुठे मिळतो, पाणी शेवटचे कुठे भरायचे. म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी परवान्याचे. हाफ डोमच्या शेवटच्या टप्प्यावर सुमारे ४०० फूट उंचीच्या केबल आहेत. जॉर्ज अँडरसन १८७५ मध्ये कातळात छिद्रे पाडत, खिळे ठोकत पहिल्यांदा वर पोहोचला. आजच्या केबलची मूळ जोडी १९१९ ची. गर्दी जिवावर बेतू लागली तेव्हा २०१० मध्ये शनिवार-रविवारसाठी आणि २०११ पासून आठवड्याच्या सातही दिवसांसाठी परवाना सुरू झाला. केबलचे खांब उभे असतात त्या काळात, म्हणजे साधारण मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, दिवसाला सुमारे ३०० जणांनाच सोडतात. त्यातले अंदाजे २२५ एका दिवसात जाऊन येणारे आणि ७५ मुक्कामी.

सोडती दोन असतात. मोठी सोडत १ ते ३१ मार्च या काळात रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर चालते आणि निकाल एप्रिलच्या मध्यात लागतो. एका अर्जात जास्तीत जास्त सहा माणसे आणि सात तारखा देता येतात. अर्जाचे १० डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागला तर माणशी आणखी १० डॉलर. अर्जात गटप्रमुख आणि पर्यायी गटप्रमुख अशी दोन नावे द्यायची असतात आणि परवान्याच्या दिवशी त्या दोघांपैकी एक जण प्रत्यक्ष हजर असावा लागतो. पर्यायी नाव नंतर घालता येत नाही, म्हणून तो रकाना मोकळा सोडू नका. प्रमुखाला ऐन वेळी ताप आला तर सगळ्यांचाच दिवस बुडतो.

आम्ही सातही तारखा शनिवार-रविवारच्या दिल्या आणि एप्रिलमध्ये नकाराचा ईमेल आला. शनिवार-रविवारी मागणी सगळ्यात जास्त असते. मंगळवार-बुधवार चालणार असेल तर तेच आधी लिहा.

दुसरी सोडत रोजची. ज्या दिवशी चढायचे त्याच्या दोन दिवस आधी, मध्यरात्रीपासून दुपारी चारपर्यंत अर्ज करायचा. निकाल त्याच रात्री उशिरा. शुल्क तेच. आम्हाला २७ तारखेला जायचे होते म्हणून २५ ला पहाटे घरून निघण्याआधीच अर्ज भरला. दरीत फोनवर सिग्नलच्या दांड्या दिसत असल्या तरी गर्दीच्या वेळी पान उघडेलच याचा भरवसा नसतो, त्यामुळे हे काम रस्त्यावर ठेवू नये. रात्री साडेदहाला होकार आला. नसता आला तर २६ ला पुन्हा अर्ज करून २८ चा प्रयत्न करायचा, असा एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. रोजच्या सोडतीवर विसंबणाऱ्याने एक दिवस तरी हाताशी जादा ठेवावा.

आता दोर घेऊन जाणाऱ्यांचे. नियम असा आहे की सबडोमच्या (केबलच्या अलीकडच्या लहान घुमटाच्या) भागात न शिरता, म्हणजे कातळावरच्या मार्गाने माथा गाठणाऱ्या आरोहकाला केबलवरून खाली उतरायला परवाना लागत नाही. याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. स्नेक डाइक अर्ध्यात सोडावी लागली आणि तुम्ही वळसा घालून पायवाटेने सबडोमपाशी आलात, तर तुम्ही परवाना नसलेले पदयात्री ठरता. खांद्यावर दोर आहे म्हणून रेंजर, म्हणजे उद्यानाचा रक्षक, सोडत नाही. परवान्याशिवाय वर जाण्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे.

मुक्कामासाठी कॅम्प फोर. प्रस्तरारोहकांची ही जुनी तळजागा २००३ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. मोसमात तिचे आरक्षण एक आठवडा आधी सकाळी सातला उघडते. आमच्यातल्या दोघांनी १८ सप्टेंबरला पावणेसातपासून लॉगिन करून ठेवले होते आणि तरी पहिल्या दोन जागा डोळ्यांदेखत गेल्या. तिसरी मिळाली. माणशी रात्रीला १० डॉलर, एका जागेवर सहा जण, म्हणजे आपण चौघे असलो तर दोन अनोळखी शेजारी येणार. पोलादी खाद्यपेटी असते. अन्नच नव्हे तर टूथपेस्ट, साबण, मलम, वास येणारे सगळे काही तिच्यात जाते. गाडीत रात्री च्युइंगगमचे पाकीटसुद्धा ठेवायचे नाही. अस्वल दाराची चौकट वाकवून काच फोडते आणि दंड गाडीमालकाला होतो.

प्रवेशशुल्क गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालते. रोख घेत नाहीत, कार्डच लागते. २०२४ मध्ये सप्टेंबरात फक्त शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाडीचे आगाऊ आरक्षण लागत होते, म्हणून आम्ही बुधवारी आत शिरलो. हा नियम दर वर्षी बदलतो. जायच्या आधी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे पान बघा. भारतातून कोणी येणार असेल तर आणखी एक: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला योसेमिटीसह अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जादा पडतात. वार्षिक पास असेल तर हे वेगळे भरावे लागत नाहीत.

२६ तारीख आम्ही सरावाला दिली. हे थोडे खुलासेवार सांगते, कारण सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाची खरी अडचण इथे आहे. आपला कातळ बेसॉल्टचा, थरांचा. लिंगाणा असो की तैलबैला, हाताला खोबण मिळते. प्रश्न असतो ती निखळून हातात येईल का हा. ठोकून बघायचे, पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचे, ही सवय अंगात भिनलेली. हाफ डोमचा ग्रॅनोडायोराइट निखळत नाही, पण स्नेक डाइकच्या सुरुवातीच्या पिचवर (पिच म्हणजे दोराच्या एका लांबीत चढायचा टप्पा) धरायला काही नसतेच. नुसते तिरपे, गुळगुळीत दिसणारे कातळ आणि बुटाच्या रबराचे घर्षण. मन सांगते कातळाला बिलगून राहा. बिलगले की वजन पायांवरून सरकते आणि पाय निसटतो. टाच खाली, कंबर कातळापासून बाहेर, तळहात नुसते टेकलेले, पावले लहान. कॅम्प फोरसमोरच्या स्वॉन स्लॅबवर आम्ही वरून दोर लावून तीन तास फक्त हेच केले. भारतातून येणाऱ्याने हा सराव आधीच करावा. रामनगर, मधुगिरी, हंपी इथला ग्रॅनाइट यासाठी उत्तम, आणि पुण्याहून हंपी एका रात्रीचा प्रवास आहे.

मार्गाची प्रत, म्हणजे अमेरिकन पद्धतीने अवघडपणाची श्रेणी, ५.७ आर. ५.७ म्हणजे हालचाल फारशी अवघड नाही. खरे वजन त्या 'आर'चे आहे: दोर अडकवायला कातळात ठोकलेल्या दोन बोल्टमधले अंतर इतके की पडलात तर गंभीर इजा होईल. वरच्या भागात लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणारा, शेवटच्या बोल्टपासून ७५ फुटांपेक्षाही वर गेलेला असतो. १९६५ मध्ये एरिक बेक, जिम ब्रिडवेल आणि क्रिस फ्रेडरिक्स यांनी हा मार्ग पहिल्यांदा चढला. पुढे जुने बोल्ट बदलून भक्कम बसवले, मार्गाचा तो मोकळेपणा मात्र तसाच ठेवला. या रानात यंत्राने छिद्र पाडायला मनाई आहे. प्रत्येक बोल्ट हाताने, हातोड्याने ठोकावा लागतो. त्यामुळे ५.९ सहज लीड करणारा एक जण जोडीत असल्याशिवाय इथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामान: ६० मीटरचा एक दोर, बोटाच्या जाडीपासून दोन इंचांपर्यंतचे पाच कॅम (भेगेत फुलून अडकणारी साधने), लहान नटांचा (भेगेत अडकवायच्या धातूच्या तुकड्यांचा) एक संच, आठ लांब स्लिंग (पट्टीचे फास), चार लॉकिंग कॅरॅबिनर, हेल्मेट, केबलवर वापरायला दोन लॅन्यार्ड (हार्नेसला जोडायचे आखूड दोर), डोक्याचा दिवा आणि त्याची जादा बॅटरी, पातळ वाऱ्याचे जाकीट. माणशी चार लिटर पाणी मावेल अशा पिशव्या आणि गाळणी. मलविसर्जनाची पिशवीही प्रत्येकाकडे. कातळावर, झुडपात काहीही सोडून यायचे नाही. चढाईचे बूट पायात सैल नकोत, पण आठ पिचनंतरचा लांब उतारही त्यांच्यावरच चढायचा असतो, म्हणून बोटे आवळणारेही नकोत.

२७ ला साडेतीनला उठलो. सव्वाचारला ट्रेलहेडच्या वाहनतळावर गाडी लावली. दिवसाचा शिधा बरोबर घेतला, उरलेला तिथल्या खाद्यपेटीत ठेवला. उद्यानाची शटल बस सातला सुरू होते म्हणून पायवाट जिथून निघते त्या हॅपी आइल्सपर्यंत चालतच गेलो. तिथून पाऊण मैलावरच्या पुलापाशी शौचालय आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. पुढे नदीचे पाणी गाळूनच. मग मिस्ट ट्रेलच्या सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या. वसंतात व्हर्नल धबधब्याचे तुषार माणसाला चिंब करतात, सप्टेंबरअखेर पाणी ओसरलेले असते. तरी पायऱ्या झिजून तुळतुळीत झालेल्या आहेत, अंधारात घाई करू नका. सहाला व्हर्नलच्या (३१७ फूट) माथ्यावर, सव्वासातला नेवाडा धबधब्याच्या (५९४ फूट) वर.

इथे पाणी भरायचेच. स्नेक डाइककडे वळणाऱ्याला यापुढे दिवसभर पाणी नाही. आम्ही तिथेच पोटभर प्यालो आणि माणशी साडेतीन लिटर घेतले. उतरताना लिटल योसेमिटी व्हॅलीत पोहोचेपर्यंत ते बरोबर संपले. केबलच्या वाटेने जाणाऱ्यांनाही शेवटचे भरवशाचे पाणी त्या व्हॅलीतच, मर्सेड नदीवर.

नेवाडाच्या वर मुख्य वाट सोडून आरोहकांची वाट डावीकडे निघते. तिला पाटी नाही. लिबर्टी कॅप आणि माउंट ब्रॉडरिक या दोन घुमटांच्या मधल्या खिंडीतून ती लॉस्ट लेकपाशी जाते. नाव तळे, प्रत्यक्षात गवताळ दलदल. तिच्या काठाने पलीकडे जाऊन हाफ डोमच्या नैऋत्य पायथ्याकडे चढायचे. खुणेला दगडांच्या लगोऱ्या आहेत, पण कोणीही कुठेही रचलेल्या. चुकीच्या लगोरीमागे जाऊन आम्ही मँझनिटाच्या झुडपांत पंचवीस मिनिटे घालवली. या झुडपाच्या फांद्या करवंदाच्या जाळीसारख्या अंगावर येतात, फक्त काटे नाहीत. कमरेच्या वर झुडूप लागले की वाट चुकली असे समजा आणि मागे फिरा. खरी वाट बहुतेक ठिकाणी पायाखाली मोकळी असते. फोनमध्ये नकाशा आणि जीपीएसची आखलेली वाट आधीच उतरवून ठेवावी.

साडेनऊला पायथा. पुढे एक जोडी होती, त्यामुळे तास-सव्वातास थांबणे आले. स्नेक डाइकवर मागून ओलांडून जायला जागा नाही. घाईने ओलांडणाऱ्यामुळे दोर एकमेकांत गुंततात. लवकर पोहोचण्याचा फायदा फक्त रांगेपुरता नसतो. हा कातळ सकाळी सावलीत असतो, नंतर नैऋत्येचे ऊन तापते आणि तापलेल्या कातळावर रबराची पकड ढिली होते. आम्ही पावणेअकराला सुरुवात केली, तासभर आधी हवी होती.

पहिल्या पिचवर छपरासारख्या बाहेर आलेल्या कातळाखाली जायचे, तिथे कॅम शक्य तितका उंच लावायचा, लांब स्लिंग द्यायची आणि मग आडवे सरकायचे. स्लिंग आखूड दिली की दोर घासतो आणि पुढे प्रत्येक पाऊल ओढून टाकावे लागते. इथे बहुतेकांचे हेच चुकते. पहिल्या तीन पिचमधेच ५.७ च्या घर्षणाच्या जागा आहेत. आडव्या चालीत मागून येणाऱ्यालाही लीडइतकाच धोका असतो, कारण तो पडला तर लंबकासारखा झुलतो. म्हणून अवघड जागा ओलांडल्यावर लीडने लगेच संरक्षण लावायचे, नुसते आधी लावून पुरत नाही. जोडीदार कमी अनुभवी असेल तर ही गोष्ट पायथ्याशीच बोलून घ्या.

तिसऱ्या पिचनंतर डाइक सुरू होते. वितळलेला खडक भेगेत शिरून थिजला, भोवतालचा कातळ त्याच्यापेक्षा लवकर झिजला आणि ही फिकट, फेल्डस्पारची शिर वर उरली. जवळून पाहिले तर ती एकसंध नाही. हातभर, कुठे दोन हात रुंद, तिच्यावर खडीसाखरेसारखे चौकोनी स्फटिक, मधे अंगठा टेकेल एवढे खळगे, कडेला बोटभर उंचीची धार. त्या धारेला चिमटीत धरून पायऱ्या चढावे तसे चढता येते. ५.४ ची चढाई, पण संरक्षण नाही. बिले देणाऱ्याकडे, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याकडे, पाहिले की खाली सत्तर फूट दोर मोकळा लोंबताना दिसतो आणि छातीत धडधडते. मला उपयोगी पडले ते एवढेच: तीन पावले, एक पूर्ण श्वास, पुन्हा तीन पावले. दोर न बघता पुढचा खळगा बघायचा.

प्रत्येक पिचला बोल्टचे अँकर आहेत. त्यांना बांधून घेतल्यावर आधी पाणी प्यायचे, मग दोर आवरायचा. उलट केले की पाणी राहूनच जाते. माघारीचा विचार असेल तर तो पहिल्या दोन-तीन पिचमध्येच करा. वर मार्ग सरळ रेषेत नाही आणि एका दोराने तिरपे उतरणे फार किचकट होते.

आठवी पिच पावणेतीनला संपली. इथे अनेकांना वाटते झाले, पण अजून काही शे फुटांचा उघडा उतार चढायचा असतो. अवघड काही नाही, पोटऱ्या मात्र जळतात. नागमोडी चाला, दर पन्नास पावलांनी पाय सपाट टेकेल अशी जागा शोधा, दमलेला जोडीदार असेल तर दोर सोडू नका. पावणेचारला माथा. उंची सुमारे ८,८४० फूट, आणि समोर वायव्येचा सरळ तुटलेला कडा. बोलावेसे वाटत नाही, थोडा वेळ बसून राहावेसे वाटते.

केबलचे दोघे साडेबाराला वर पोहोचले होते. दोनपर्यंतच वाट बघायची असे ठरले होते, त्याप्रमाणे ते उतरले. हे ठरवणे फार महत्त्वाचे. त्यांना सबडोमच्या पायथ्याशी रेंजरने अडवून परवाना आणि ओळखपत्र दोन्ही पाहिले. परवाना फोनवर साठवून ठेवलेला होता. तिथे ईमेल उघडेल या भरवशावर राहू नका.

केबलवर आम्ही सव्वाचारला आलो. कातळाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दोन केबल धरून उलटे उतरायचे. साधारण दहा फुटांवर खांबांची जोडी आणि पायाला आडवी लाकडी फळी. हार्नेस अंगावर असतोच, म्हणून दोन लॅन्यार्ड केबलला अडकवायचे आणि खांब आला की एक काढून पुढे लावल्यावरच दुसरा सोडायचा. वर येणाऱ्याला फळीवर थांबू द्या, मधल्या उतारावर नाही. रबरी तळव्याचे हातमोजे आपले आणा आणि परत न्या. मधला कातळ एवढ्या पावलांनी आरशासारखा घासला गेला आहे आणि ओला झाला की तिथे उभे राहता येत नाही. त्याच वर्षी जुलैत पावसाने ओल्या केबलवरून उतरताना एका व्यक्तीचा पडून मृत्यू झाला. आकाशात कुठेही काळे ढग दिसले तर सबडोमच्या खालीच थांबायचे. परवाना वाया गेला तरी चालेल.

पुढे आठ मैलांहून जास्त उतार. साडेसहाला लिटल योसेमिटी व्हॅलीत पाणी भरले, पावणेसातला सूर्य मावळला, सव्वासातला नेवाडाच्या माथ्यावर दिवे लावले. तिथून मिस्ट ट्रेलच्या पायऱ्यांऐवजी जॉन म्यूर ट्रेल घेतली. मैलभर लांब पडते, पण दमलेल्या गुडघ्यांना आणि अंधाराला तीच बरी. सव्वानऊला हॅपी आइल्स. शटल रात्री दहापर्यंत असते. आधी आलेले दोघे थांब्यावरच बसलेले होते, पेटीतून काढलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडीवर घेऊन.